वाटी कोणती धरायची?

सकाळी सहा वाजता नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सध्या आकडेमोड जोरात चालते. पूर्वी लोक चालता चालता राजकारणावर बोलायचे, कांद्याच्या भावावर बोलायचे, गेला बाजार गुडघ्यांवर तरी बोलायचे. आता मनगट वर करून एकमेकांना कॅलरींचे आकडे दाखवतात. "माझ्या तीनशे बारा झाल्या." "अहो, सगळ्या फेऱ्या तुमच्याबरोबरच मारल्या, मग माझ्या दोनशे चाळीसच कशा?" "तुमचं घड्याळ कुठलं?" पुढची फेरी मग घड्याळांवर होते. बोलण्याच्या नादात पावलं मंदावतात, आकडा मात्र वाढतच राहतो, कारण आपल्या माणसाला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही आणि घड्याळ ते हातवारे पावलांत धरतं.

रविवारी हीच मंडळी ट्रॅकवरून थेट मिसळीला जातात. हे मी निंदेनं सांगत नाही, मीही त्यांच्याच टेबलावर असते. बसल्या बसल्या तीनशे बारावाले काका मोठ्या मनानं जाहीर करतात, "आज चालतंय. कमावल्यात." मग मटकी येते, वर फरसाण, शेजारी पापड, दह्याची वाटी, दोन पाव आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. वाढप्यानं विचारायच्या आत रश्श्याचं वाडगं पुन्हा पुढे होतं. त्यावर जो लालभडक तवंग असतो त्याला आपण कौतुकानं तर्री म्हणतो. ते मसाल्याचा रंग धरलेलं तेल असतं. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, जवळपास १२० कॅलरी असतात. तिसऱ्या पावाबरोबर किती चमचे गेले हे विचारणाऱ्याला आमच्या टेबलावर पुढच्या रविवारी जागा मिळत नाही.

आता कमाईचं बघू. जरा झपाट्यानं चालायला स्वस्थ बसण्याच्या साधारण साडेतीन पट शक्ती लागते. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलोमागे तासाला सुमारे एक कॅलरी खर्च करतं. माझ्यासारख्या ७२ किलोच्या बाईनं तासभर चाल केली तर २५२ झाल्या. ऐकायला छान वाटतं. पण यातल्या ७२ मी घरी सोफ्यावर पेपर वाचत बसले असते तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई उरली १८०. म्हणजे तेलाचे दीड चमचे. पहाटे साडेपाचला उठून, केसांना कसाबसा चाप लावून, कुत्र्यांना चुकवत एक तास घाम गाळायचा आणि हाती दीड चमचा तेल.

घड्याळ तरी खरं सांगतं का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात वेगवेगळी यंत्रं ६० माणसांवर तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात शहाणं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. ही बातमी मी ट्रॅकवर सांगितली. काका म्हणाले, "म्हणजे माझ्या तीनशे बाराच्या जास्तही असतील."

हा आशावाद वजन कमी करणाऱ्या प्रत्येकात असतो. म्हणूनच त्याचा पहिला मुक्काम, म्हणजे रोज किती खायचं हे ठरवणं, इतका अवघड होऊन बसतो. तसं सूत्र साधं आहे. मिफ्लिन आणि सेंट जॉर यांच्या नावानं ते १९९० सालापासून चालत आलंय आणि बहुतेक ॲपांच्या पोटात तेच असतं. किलोमधल्या वजनाला दहानं गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला सव्वासहानं गुणून त्यात मिळवायचं, वयाची पाचपट वजा करायची, शेवटी पुरुषानं पाच मिळवायचे आणि बाईनं १६१ वजा करायचे. बायकांना यातही कापून मिळतं. माझी उंची १५७, वजन ७२, वय ४६. उत्तर येतं १३१०. दिवसभर अंथरुणात नुसती पडून राहिले तरी माझं शरीर इतकं खर्च करणार. हे वाचून पहिल्यांदाच आपल्या शरीराचा अभिमान वाटला.

इथवर कुणाचंच चुकत नाही. खरी परीक्षा पुढच्या प्रश्नाला असते. तुम्ही दिवसभर किती हालचाल करता? बैठं काम असेल तर १.२ नं गुणा, हलका व्यायाम असेल तर १.३७५ नं, मध्यम असेल तर १.५५ नं, आणि त्यापुढे कष्टकरी, खेळाडू वगैरे. गेल्या काही महिन्यांत मी अनेकांना हा प्रश्न विचारला आहे. 'बैठं' असं उत्तर मला अजून एकाही माणसानं दिलेलं नाही. बँकेत आठ तास खुर्चीला चिकटून असलेला भाऊ म्हणाला, "बैठं कसं? मला सारखं उठावं लागतं. लंचला उठतो, चहाला उठतो." माझी वहिनी म्हणाली, "वन्सं, मी तर दिवसभर उभीच असते." तिनं सरळ १.५५ वर बोट ठेवलं. माझ्या आकड्यांत १.२ नं १५७२ येतात आणि १.५५ नं २०३१. फरक साडेचारशेच्या वर. एका खुणेत एक वडापाव पदरात पडतो आणि वर चहाही सुटतो. माणूस कुठली खूण करेल हे सांगायला पोषणतज्ज्ञ लागत नाही.

शिवाय इथे दोन वेळा हात मारता येतो. 'मध्यम व्यायाम' म्हटलं तेव्हा रोजचं चालणं त्या १.५५ मध्ये आलं. संध्याकाळी घड्याळ आणि ॲप एकमेकांशी बोलतात आणि ॲप टाळ्या वाजवतं: आज तुम्ही २५२ कॅलरी जास्त जाळल्या, आता इतकं आणखी खाऊ शकता! आमच्या कचेरीत एकाच दौऱ्याचं प्रवासभत्त्याचं बिल दोनदा लावलं तर चौकशी बसते. इथे अभिनंदनाचा फुगा उडतो. व्यायाम सुरू करून सहा महिन्यांत दोन किलो वाढलेली जी माणसं तुमच्या ओळखीत आहेत (असतातच), त्यातली निम्मी या दुहेरी बिलाची आहेत. उरलेली निम्मी मिसळीची.

यातून सरळ वाट एकच आहे. हालचाल 'बैठी' धरायची, व्यायाम हिशेबात घ्यायचाच नाही, तो फुकट गेला असं समजायचं, आणि जो आकडा येईल त्यातून तीनचारशे कमी करायचे. पण १५७२ मधून चारशे गेले की उरतात ११७२ आणि हा आकडा बघून माणूस रडतो. त्यामुळे १.३७५ चा मधला मार्ग घ्यावा, १८०० धराव्यात, त्यातून चारशे काढाव्यात, १४०० वर थांबावं आणि घड्याळाच्या टाळ्या बंद करून ठेवाव्यात. याहून फार खाली उतरायचं असेल तर डॉक्टरांना विचारून उतरावं. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला घरचे पहिल्यांदा साखर घातलेला चहाच पाजतात.

या कॅलरी म्हणजे नक्की काय? अन्नाची एक कॅलरी म्हणजे एक किलो पाणी एका अंश सेल्सिअसनं तापवायला लागणारी उष्णता. म्हणजे दिवसाच्या १८०० कॅलरींत नळाचं २५ अंशांचं २४ लिटर पाणी खळाखळा उकळेल. लहानपणी आमच्याकडे तांब्याचा बंब होता, साधारण तेवढाच. मी रोज एक बंब पाणी उकळेल इतकं खाते आणि मग खुर्चीत बसून फायलींवर सह्या करते.

हे सगळं मोजायची विद्या विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पक्की केली. पिठूळ आणि गोड पदार्थांच्या ग्रॅममागे चार, प्रथिनांच्या ग्रॅममागे चार, तेलतुपाच्या ग्रॅममागे नऊ, हे आकडे त्याचेच. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला त्यानं एक बंद कोठडी बांधली होती. तिच्यात माणसाला दिवसचे दिवस ठेवायचं, आत जाणारा प्रत्येक घास तोलायचा, बाहेर येणारी उष्णता मोजायची. त्या कोठडीत एखादा नाशिककर गेला असता तर शास्त्राची प्रगती दहा वर्षं लांबली असती, कारण पिशवीत चिवडा घेतल्याशिवाय तो गेला नसता आणि चिवडा म्हणजे खाणं असं त्यानं शेवटपर्यंत कबूल केलं नसतं.

ॲटवॉटरच्या कोठडीत वाटी नव्हती. आपल्या स्वयंपाकघरात वाटीशिवाय दुसरं मापच नाही. ॲप विचारतं, वरण किती? उत्तर तयार असतं, 'एक वाटी'. कुठली वाटी? आमच्याकडच्या वाट्या आहेरातल्या आहेत. त्यांच्यावर नावं कोरलेली आहेत: एकीवर 'आत्याकडून सप्रेम', एकीवर मामांचं नाव नि लग्नाची तारीख, एकीवर माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीचं पूर्ण नाव, मर्यादितसकट. एका दुपारी पाणी भरून मोजल्या. आत्याची ११० मिलिलिटरची निघाली, मामांची १८०, आणि सोसायटीनं सभासदांसाठी हात सैल सोडलेला दिसतो, तिच्यात २२५ मावतं. तेव्हापासून घरात एक अलिखित नियम झाला. जेवायचं सोसायटीच्या वाटीत आणि ॲपमध्ये लिहायची आत्याची वाटी.

शेवटी ग्रॅमचा काटा आणला. सासूबाईंनी ओट्यावर तो बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, अन्न असं मोजू नये. मोजलेलं अन्न अंगी लागत नाही."

"आई, अंगी लागू नये म्हणूनच मोजतेय."

त्यावर त्यांनी जे बघितलं ते इथे लिहिता येत नाही. पण त्यांच्या हातची पोळी मी मोजलीच. कणकेचा गोळा भिजवलेला, त्यात कोरडं पीठ ३० ग्रॅम धरलं तर शंभरेक कॅलरी. ॲपमध्ये पोळी म्हणजे एवढंच. पण आमची पोळी घडीची. लाटी जरा लाटायची, तिला तेलाचं बोट फिरवायचं, घडी घालायची, पुन्हा तेल, पुन्हा घडी, मग त्रिकोणाचा गोल करत न्यायचा. तव्यावरून उतरली की वरून तुपाचा हात. आत पदर सुटतात, पोळी दुसऱ्या दिवशीच्या डब्यातही मऊ राहते, आणि शंभराच्या दीडशे होतात. 'तेलाचं बोट' हे माप ॲपमध्ये मी खूप शोधलं. कप आहे, चमचा आहे, औंससुद्धा आहे. बोट नाही.

आपली खरी मापं अशीच आहेत. चवीपुरतं, नखभर, मूठभर, वरून धार, जरासं. जेवायला बसलेल्याला 'अर्धी घ्या' म्हणून जी पोळी वाढली जाते ती पूर्ण असते, नुसती दुमडलेली. 'नकोच होतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून घेतलं' या मापात श्रीखंड वाढलं तर ते मोजायचं नसतं असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. प्रसादालाही कॅलरी नसतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर समप्रमाणात असतात, त्यामुळे हाताच्या द्रोणात आलेला तो गोळा दीडदोनशेच्या घरात जातो, पण तो डोळ्यांना लावून खाल्लेला असतो. ॲपमध्ये डोळ्यांना लावून खाल्लेल्या पदार्थांची सोय हवी होती.

सरकारी पुस्तकं आहेत. पोषणाचं संशोधन करणारी आपली राष्ट्रीय संस्था ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूरला सुरू केली आणि १९५८ साली ती हैदराबादला आली. तिनं २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत ५२८ भारतीय अन्नपदार्थांचा हिशेब आहे, आणि तो मन लावून केलेला आहे. अडचण अशी की त्यात बहुतांशी कच्चे जिन्नस आहेत. शेंगदाण्याचं सगळं कळतं. कूट, खोबरं आणि गूळ पोटात भरलेल्या वांग्याचं कळत नाही. याच संस्थेनं २०२० साली ठरवलेली प्रमाण भारतीय स्त्री ५५ किलोची आहे आणि बैठ्या कामाला तिला १६६० कॅलरी पुरतात. प्रमाण पुरुष ६५ किलोचा, त्याला २११०. माझ्या ओळखीत अशी प्रमाण स्त्री एकच आहे, ती सध्या बारावीला आहे.

उपवासाकडे यावंच लागेल. 'आज हलकंच आहे, उपवास आहे' असं म्हणून जे ताट समोर येतं ते एकदा काट्यावर ठेवून बघा. बेतशीर बशीभर खिचडीत कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. शेंगदाण्याचं कूट २५ ग्रॅम, साधारण १४०. तुपाचा एक मोठा चमचा, १३० च्या आसपास. बटाटा, आणि असलंच तर वर खोबरं. बशी पाचशेला टेकली. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नाहीत, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग रताळ्याचा कीस, मग वेफर्स, मग रात्री उपवास सोडायला गोड. एकादशी आणि दुप्पट खाशी हे जुन्या माणसांनी काट्याशिवाय ओळखलं होतं. आषाढीच्या दिवशी ट्रॅकवरची मंडळी चालायलाही येत नाहीत. उपवासाचा अशक्तपणा.

कॅलरी मोजण्याचं वेड काही आपण सुरू केलेलं नाही. १९१८ साली अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी वजन घटवण्यावर पुस्तक लिहिलं आणि ते धडाधड खपलं. त्यांचं म्हणणं असं की पावाचा तुकडा म्हणायचं सोडा, शंभर कॅलरींचा पाव म्हणा. शंभर वर्षं उलटली तरी हे आपल्या घरात शिरलेलं नाही. 'दोनशे कॅलरींचा भात वाढा' असं पंगतीत म्हणून बघा. वाढपी पुढच्या पानाकडे जातो आणि परत येत नाही.

आपल्या लोकांनी या मोजामोजीवर आपला तोडगा काढलाच होता. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दोन पंथ झाले, दीक्षित आणि दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं की दिवसात दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत उरका, मध्ये तोंड हलवू नका, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर ते उभं आहे. ऋजुता दिवेकर म्हणतात, आजी खायची ते खा, हंगामाचं खा, तुपाला भिऊ नका. सोसायटीच्या गणपतीत खुर्च्यासुद्धा वेगळ्या लागल्या होत्या. दोन्हीकडे कॅलरी मोजायची भानगड नाही, हे त्यांच्या लोकप्रियतेचं एक मोठं कारण असावं असा मला संशय आहे. पण मराठी माणूस पंथात शिरला तरी सवलत शोधतो. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन्ही पंथ एकदम स्वीकारले. सकाळी तुपाला न भिता नाचणीचा लाडू, कारण दिवेकर. दुपारी ५५ मिनिटं न थांबता जेवण, कारण दीक्षित. त्या ५५ मिनिटांचा काकूंनी जसा उपयोग केला तसा डॉक्टरांनाही सुचला नसता.

गंमत बाजूला ठेवली तर माणूस स्वतःला किती फसवतो याचं मोजमाप झालेलं आहे. 'आम्ही दिवसाला १२०० सुद्धा खात नाही, तरी वजन हलत नाही' असं सांगणाऱ्या स्थूल माणसांची १९९२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तपासणी केली. थायरॉइड वगैरे शंका आधीच काढून टाकल्या होत्या. शरीराचा खर्च अगदी सर्वसाधारण निघाला. मंडळी खाल्लेलं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि केलेला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. त्यात लबाडीचा भाग फारसा नव्हता, त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. हे वाचून मला त्या परक्या माणसांविषयी एकदम जिव्हाळा वाटला. आपलीच माणसं.

ते ४७ टक्के कुठे जातात हे कुठल्याही बाईला विचारा. ते ओट्याशी उभ्यानं जातात. भाजी झाली का बघायला एक चमचा, मीठ बघायला अजून एक, कारण पहिला गरम होता, चव कळली नाही. कूट करताना भाजलेले दाणे पाखडता पाखडता तोंडात. मुलाच्या ताटात उरलेली पाऊण पोळी, टाकायची कशी म्हणून. पातेल्याला लागलेली साय, डब्याच्या तळाचा चिवडा, लाडू वळताना फुटलेला लाडू. फुटलेला लाडू कुणाला वाढता येत नाही. बसून खाल्लेलं तेवढं जेवण, असं आपण धरून चालतो, आणि बसायची वेळ येते तेव्हा आपण मानभावीपणे एकच पोळी घेतो. घरातले म्हणतात, "हिचं जेवण किती कमी झालंय."

पुरुषांचे ४७ टक्के घराबाहेर जातात. टपरीवर 'कटिंग' म्हटलं की चहा अर्धा होतो, असे चार अर्धे होतात, आणि प्रत्येक अर्ध्यात साखर पूर्ण असते.

आणि ५१ टक्के व्यायामाचे. यात एक दैवदुर्विलास आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ हर्मन पाँत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकारी जमातीचा दिवसाचा एकूण खर्च मोजला आणि २०१२ साली निष्कर्ष छापला. ही माणसं रोज मैलोनमैल चालतात, कंद खणतात, झाडावर चढून मध काढतात. अंगाच्या मानानं त्यांचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसापेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर एका बाजूला जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं, असं पाँत्झर म्हणतात. त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण सकाळी तासभर चालून आलेला माणूस उरलेला दिवस कसा काढतो हे बघायला टांझानियाला जायची गरज नाही. तो पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेतो. "मी आज चाललोय," हे वाक्य तो जिन्याऐवजी लिफ्ट घेताना म्हणतो.

म्हणून व्यायाम सोडू नये. चालण्यानं रक्तातली साखर आटोक्यात राहते, झोप लागते, गुडघे कुरकुरत का होईना चालतात, आणि घरातून तासभर बाहेर राहता येतं. वजन उतरत असताना स्नायूही झडतात, ते टिकवायला थोडी वजनं उचलावीत आणि ताटात डाळ, उसळ, ताक, अंडं असं काही प्रथिनांचं असावं. आमच्या वरणात डाळ शोधावी लागते, तो भाग वेगळा. मात्र व्यायाम केला म्हणून खायला मिळतं हा करार शरीरानं आपल्याशी कधीच केलेला नाही. तो आपण एकतर्फी केलाय आणि साक्षीदार मिसळवाला आहे.

तर मग मोजायचं कसं? माझ्या मते घरात एक कागद असा असतो जो खोटं बोलत नाही. वाण्याची यादी. ॲपमध्ये आत्याची वाटी लिहिता येते, पण किराणा घेताना कुणी संकोचानं कमी तेल सांगत नाही. एक महिना ती यादी नीट बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल येत असेल तर ते झालं साडेचार किलोहून थोडं जास्त. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. चार किलो साखर: माणशी रोज १३३. दोन किलो शेंगदाणे: माणशी ९४. बेरीज ५६७. यात अजून गहू, तांदूळ, डाळ, दूध, तूप, बटाटा काही धरलेलं नाही, आणि चालण्याची कमाई तर १८० होती. हा हिशेब मी घरात वाचून दाखवला तेव्हा पहिल्यांदाच कुणी वाद घातला नाही. मुलगा एवढंच म्हणाला, "शेंगदाणे मी खात नाही, माझा वाटा बाबांच्या नावावर टाक."

तळणीचं उरलेलं तेल आपण टाकतो, पाहुणे येऊन जातात, दिवाळीच्या महिन्यात यादीला पुरवणी जोडावी लागते, हे सगळं मान्य. तरी उभ्यानं खाल्लेलं, डोळ्यांना लावलेलं, बोटानं फिरवलेलं, दुमडून वाढलेलं असं सगळं या यादीत आपोआप येतं. फक्त मिसळ तेवढी बाहेर राहते, तिचं ज्यानं त्यानं बघावं.

पाच लिटरच्या जागी चार लिटर आलं तर माणशी रोज ६८ कॅलरी कमी होतात. एक किलो चरबीमागे ७७०० धरल्या तर वर्षाला माणशी तीन किलो. हे कागदावर, प्रत्यक्षात शरीर त्यातही थोडं कापून घेईल. पण न चालता, न मोजता, घड्याळाशिवाय. तेव्हा पुढच्या महिन्याची यादी लिहायला बसाल तेव्हा तेलासमोरचा पाच खोडून चार करा, आणि घरात कुणाला सांगू नका.